बंगळूरचे विमान, बागेपल्लीची चूल

बंगळूरच्या केम्पेगौडा विमानतळाचे दुसरे टर्मिनल पाहून आलेला माणूस विमानांबद्दल कमी आणि झाडांबद्दल जास्त बोलतो. बांबूचे छत, वरून सोडलेल्या हिरव्या कुंड्या, पाण्याचे प्रवाह. ११ नोव्हेंबर २०२२ ला उद्घाटन झाले तेव्हाही ‘बागेतले टर्मिनल’ म्हणूनच त्याची ओळख करून देण्यात आली. एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनल या संघटनेच्या कार्बन प्रमाणनातली सर्वोच्च, म्हणजे पाचवी पातळी या विमानतळाने गाठली आहे. हे प्रमाणपत्र खोटे नाही. वीज, वाहने, इमारती अशा विमानतळ कंपनीच्या हातातल्या गोष्टींचे उत्सर्जन तिने खरोखरच जवळजवळ संपवत आणले आहे. फक्त ज्या धावपट्टीसाठी हा सगळा डोलारा उभा आहे, तिच्यावरून उडणाऱ्या विमानांच्या टाक्यांतले इंधन त्या शून्यात मोजलेले नाही. त्याच्यासाठी पुढच्या काही दशकांचा वायदा आहे.

मग ते इंधन कोणाच्या नावावर पडते? देशांतर्गत विमानांचे उत्सर्जन भारताच्या खात्यात जाते. आंतरराष्ट्रीय विमानांचे मात्र कोणाच्याच खात्यात जात नाही. प्रत्येक देश आपल्या अहवालात तो आकडा वेगळा दाखवतो, पण बेरजेत धरत नाही. १९९७ च्या क्योटो करारात हा प्रश्न मॉन्ट्रियलच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे, म्हणजे ‘आयकाओ’कडे, सोपवण्यात आला आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे तो तिथेच पडून राहिला. करांचेही तसेच. १९४४ चा शिकागो करार आणि त्यानंतरचे द्विपक्षीय हवाई करार यांमुळे आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या इंधनावर सहसा कर लागत नाही. बंगळूरहून पुण्याला येणारा प्रवासी तिकिटातून इंधनावरचा व्हॅट भरतो; बंगळूरहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारा भरत नाही. जगातल्या किती गोष्टी श्रीमंतांना स्वस्त पडतात याची यादी कोणी केली तर ही नोंद तिच्यात बरीच वर लागेल.

ऑक्टोबर २०१६ मध्ये आयकाओने अखेर एक योजना मंजूर केली. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. सगळे तिला ‘कॉर्सिया’ म्हणतात. कल्पना साधी: आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचे एकूण उत्सर्जन एका पातळीच्या वर गेले, तर वरच्या भागाइतकी कार्बन क्रेडिट्स विमान कंपन्यांनी विकत घ्यायची. एक क्रेडिट म्हणजे जगात दुसरीकडे कुठेतरी टाळलेला किंवा शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. आधी २०१९ आणि २०२० ची सरासरी ही पातळी ठरली होती. कोविडने २०२० चा आकडाच कोसळवला, तेव्हा ती बदलून २०१९ केली. पुढे २०२२ च्या अधिवेशनात २०२४ पासूनची पातळी २०१९ च्या ८५ टक्के ठरली. २०२१ ते २०२३ च्या पहिल्या टप्प्यात उत्सर्जन पातळीच्या खालीच राहिल्याने एकाही कंपनीला एकही क्रेडिट घ्यावे लागले नाही. २०२६ संपेपर्यंत सहभाग ऐच्छिक. भारताने हा ऐच्छिक टप्पा नाकारला आणि २०२७ पासून, म्हणजे बंधन लागू होईल तेव्हाच, सामील होण्याचे ठरवले. उत्सर्जन मोजून कळवण्याचे काम मात्र भारतीय कंपन्याही २०१९ पासून करत आहेत.

भारताने असे का केले हे समजायला २०१२ कडे जावे लागते. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून युरोपीय संघाने आपल्या उत्सर्जन बाजारात विमानांनाही ओढले. फ्रँकफर्टला उतरणाऱ्या विमानाचे बंगळूरच्या धावपट्टीपासूनचे सगळे उत्सर्जन युरोपच्या हिशेबात धरले जाणार होते, मग त्यातला मोठा भाग अरबी समुद्रावर आणि इराणवर झालेला का असेना. त्याआधी सप्टेंबर २०११ मध्ये विरोधी देशांची बैठक दिल्लीत भरली होती. भारत सरकारने आपल्या कंपन्यांना युरोपला आकडेवारी देऊ नका असे सांगितले. नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने माघार घेतली आणि नियम अंतर्गत उड्डाणांपुरता मर्यादित ठेवला. भारताचा मुद्दा दुहेरी होता. एक, आमच्या आकाशातल्या धुराचा कर ब्रसेल्सने का वसूल करावा? आणि दुसरा, ज्यांनी दीडशे वर्षे धूर सोडला त्यांची जबाबदारी आणि आमची जबाबदारी सारखी कशी? दोन्ही प्रश्न रास्त होते. दुसरा तर आजही आहे.

पण कॉर्सियाच्या बाबतीत हाच दुसरा प्रश्न पुढे करून भारत बाहेर राहिला, तेव्हा त्याचा लाभ कोणाला झाला हे पाहायला हवे. या योजनेत बंधन देशावर किंवा कंपनीवर नाही, मार्गावर आहे. दोन्ही टोकांचे देश सहभागी असतील तरच त्या मार्गावरच्या उड्डाणांना क्रेडिट घ्यावी लागतात, आणि मग ती त्या मार्गावरच्या सगळ्याच कंपन्यांना. स्पर्धा बिघडू नये म्हणून हा नियम. परिणाम असा की भारत बाहेर असताना बंगळूर–फ्रँकफर्ट मार्गावर लुफ्तान्सालाही सूट, बंगळूर–लंडन मार्गावर ब्रिटिश एअरवेजलाही सूट, बंगळूर–दुबई मार्गावर एमिरेट्सलाही सूट. जर्मनी, ब्रिटन आणि संयुक्त अरब अमिराती हे तिघेही पहिल्यापासून स्वेच्छेने सामील झालेले. त्यांच्या कंपन्यांचे सर्वांत गर्दीचे काही मार्ग आपल्या नकारामुळे मोकळे राहिले. बंगळूरहून दुबईमार्गे लंडनला जाणाऱ्याचा पहिला टप्पा हिशेबाबाहेर आणि दुसरा हिशेबात, हा विनोदही त्यातलाच. गरीब देशाचा न्याय म्हणून जी ढाल उचलली, तिच्या आडोशाला सर्वांत आधी उभे राहिले ते बिझनेस क्लासचे प्रवासी आणि श्रीमंत देशांच्या कंपन्या.

देश आणि प्रवासी यांची गल्लत इथे होते. भारताचे दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे आणि त्या सरासरीच्या जोरावर आपण जगाशी भांडतो, भांडलेच पाहिजे. पण विमानात बसलेला माणूस सरासरी नसतो. गॉसलिंग आणि हुम्पे या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार व्यावसायिक विमान वाहतुकीचे निम्मे उत्सर्जन जगातल्या एक टक्का लोकांमुळे होते, आणि २०१८ साली जेमतेम अकरा टक्के लोकांनी विमानात पाऊल ठेवले होते. बंगळूरची एक टक्का मंडळी आणि फ्रँकफर्टची एक टक्का मंडळी यांच्यात या बाबतीत फरक शोधावा लागेल.

एका उड्डाणाचे गणित मांडून पाहू. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने बंगळूर–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले पहिले विमान कॅप्टन झोया अग्रवाल आणि सर्व महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणले, त्याचे कौतुकही झाले. सुमारे चौदा हजार किलोमीटर अंतर, सोळा-सतरा तास, बोइंग ७७७. एवढ्या प्रवासात अंदाजे ११० टन इंधन जळते असे धरले, तर कॉर्सियाच्याच नियमाने (एक किलो इंधनामागे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड) साधारण साडेतीनशे टन होतात. २३८ जागा भरलेल्या असल्या तरी माणशी दीड टन. जाऊन-येऊन तीन टन. बंगळूरच्या मराठी घरांतले आई-वडील नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला कॅलिफोर्नियाला जाऊन येतात, त्या एका फेरीत सरासरी भारतीयाचे दीड वर्ष खर्ची पडते. त्यांनी जाऊ नये असे मी म्हणणार नाही. नातवंडे तिकडे आहेत ही वस्तुस्थिती आहे आणि व्हिडिओ कॉलवर मूल मांडीवर घेता येत नाही. मुद्दा इतकाच की हे तीन टन आहेत, आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न खरा आहे.

कॉर्सियाचे उत्तर: ते दुसरीकडे कुठेतरी कमी करा. हे ‘दुसरीकडे’ कसे असते ते पाहायला बंगळूरच्या विमानतळावरून लांब जावे लागत नाही. विमानतळ ज्या महामार्गालगत आहे तोच हैदराबादच्या दिशेने धरला की देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूर आणि मग आंध्रच्या सीमेलगत बागेपल्ली. कोरडवाहू मुलूख, नाचणी आणि भुईमूग, पाण्याची कायमची मारामार. इथे १९७७ पासून ‘अदात्स’ ही संस्था भूमिहीन आणि अल्पभूधारक मजुरांच्या कूली संघाबरोबर काम करते. २००५ मध्ये या मंडळींनी एक गोबरगॅस प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदवला. पाच तालुक्यांत ५,५०० घरांसाठी दोन घनमीटरचे घरगुती संयंत्र. लाकूडफाटा आणि रॉकेल वाचले, त्याचा हिशेब वर्षाला सुमारे १९,५०० टन कार्बन डायऑक्साइड. या क्रेडिटच्या विक्रीतून संयंत्रांचा खर्च निघावा ही योजना. भारतात कार्बनचा पैसा थेट मजुरांच्या घरापर्यंत नेण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत हिची गणना होते, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. धुरात डोळे चोळणारी बाई निळ्या ज्योतीवर भाकरी करू लागली, हे कोणत्याही टनापेक्षा मोठे आहे.

पण टनांचाच हिशेब करायचा तर तो असा होतो. ५,५०० घरांनी वर्षभर गोबरगॅसवर स्वयंपाक केल्यावर जे वाचते, त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानाच्या एका बाजूच्या पंचावन्न-छप्पन्न फेऱ्या बसतात. आठवड्याला तीन विमाने जाऊन-येऊन धरली, तर नऊ-दहा आठवड्यांत पाच तालुक्यांची वर्षभराची बचत संपते. उलट बाजूने पाहिले तर एका घराची वर्षाची बचत साडेतीन टन आणि एका प्रवाशाची एक फेरी तीन टन. म्हणजे कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्या एका माणसासाठी बागेपल्लीच्या एका कुटुंबाने वर्षभर शेण कालवायचे. हा सौदा बेकायदा नाही, अनैतिक आहे असेही मी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण त्या कुटुंबाला पैसे हवेच होते. पण ह्याला भरपाई म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पुढची अडचण अशी की वाचलेले टन खरोखर वाचलेले असतात का? ‘हा प्रकल्प नसता तर काय झाले असते’ या कल्पित चित्राशी तुलना करून क्रेडिट दिले जाते, आणि कल्पित चित्र रंगवणारा सहसा क्रेडिट विकणाराच असतो. भारतातल्या पवनचक्क्यांवर कॅलेल, कोल्मर, देशेझलप्रेत्र आणि ग्लाशाँ या अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. मंजूर झालेल्या क्रेडिटपैकी किमान ५२ टक्के अशा प्रकल्पांना मिळाली जे क्रेडिटशिवायही बहुधा उभे राहिलेच असते, असा त्यांचा निष्कर्ष. साताऱ्याच्या पठारावर किंवा चित्रदुर्गच्या डोंगरांवर फिरणाऱ्या पात्यांकडे पाहून हे ओळखता येत नाही. पवनचक्की खरीच असते, वीजही खरीच असते, खोटा असतो तो ‘नाहीतर’. चुलींचे तर विचारू नका. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त आलेल्या गिल-वील, कॅमन आणि हाया यांच्या अभ्यासात सुधारित चुलींच्या प्रकल्पांना सरासरी ९.२ पट जास्त क्रेडिट मिळाल्याचे दिसले. हा आकडा सुधारित चुलींचा, बागेपल्लीच्या गोबरगॅसचा नव्हे. पण किती लाकूड वाचले, ते कुठल्या जंगलातले होते आणि ते जंगल पुन्हा वाढले असते का, हे अंदाजाने ठरवण्याची रीत एकाच घराण्यातली आहे. त्यात २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. ज्या घरात सरकारी गॅस सिलिंडर पोचला तिथे लाकडाची बचत कोणाच्या नावे लिहायची?

कॉर्सियाने यातून धडा घेतला आहे हे मान्य केले पाहिजे. बागेपल्लीसारखी जुनी क्रेडिट तिथे चालत नाहीत. प्रकल्प २०१६ पासून पुढे सुरू झालेला हवा आणि २०२४ पासूनच्या टप्प्यासाठी बचत २०२१ पासूनची हवी. शिवाय यजमान देशाने लेखी अधिकृतता द्यायला हवी आणि तेवढे टन आपल्या पॅरिस कराराच्या खात्यातून वजा करायला हवेत, म्हणजे एकच टन दोघांनी मिरवायला नको. ही अट इतकी जड निघाली की त्या टप्प्यासाठीची पहिली क्रेडिट २०२४ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलातून आली आणि बराच काळ बाजारात दुसरे फारसे काही नव्हते. टनामागे वीसेक डॉलर भाव. गयानाची जंगले बहुतांशी शाबूत आहेत आणि ती तशीच ठेवल्याबद्दल हे पैसे आहेत. शाबूत जंगल न तोडल्याने बंगळूरच्या विमानाचा नवा धूर कसा पुसला जातो, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

आता भारतीय कंपन्यांची तक्रार. इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० विमाने मागवली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७०. आम्ही आत्ता कुठे वाढतो आहोत आणि वाढीवर दंड लावता, असा सूर लागतो. हा सूर नियम न वाचता लावलेला आहे. २०३२ पर्यंत प्रत्येक कंपनीचे बंधन तिच्या स्वतःच्या वाढीवर ठरतच नाही. ते साऱ्या जगाच्या वाहतुकीच्या वाढीवर ठरते. सगळ्यांचे मिळून उत्सर्जन पातळीच्या वर जितके टक्के, तितके टक्के प्रत्येकाने आपापल्या उत्सर्जनावर भरायचे. म्हणजे दुपटीने वाढणारी कंपनी आणि जागच्या जागी असलेली कंपनी यांना एकच दर. या सूत्रात वाढणाऱ्याचा फायदाच आहे, आणि तो फायदा आपलाच आहे. २०३३ ते २०३५ मध्ये फक्त १५ टक्के हिस्सा स्वतःच्या वाढीवर ठरेल. पैशाच्या बाजूनेही पाहा. समजा हा वाढीचा दर वीस टक्के निघाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या तीन टनांपैकी सहाशे किलो, टनाला वीस डॉलर, म्हणजे बारा डॉलर. लाखाच्या पुढच्या तिकिटावर हजारेक रुपये. एवढ्याने कोणती कंपनी बुडणार नाही. आणि एवढ्याने कोणाचा प्रवासही थांबणार नाही, हेही तितकेच खरे. ज्या शुल्काने देणाऱ्याचे वागणे बदलत नाही आणि घेणाऱ्याचा टन संशयास्पद आहे, त्याला पर्यावरणाचे धोरण म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय ही योजना मोजते फक्त कार्बन डायऑक्साइड. उंचावरच्या ढगरेषा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यामुळे होणारी तापमानवाढ धरली तर विमानांचा एकूण परिणाम कार्बनच्या परिणामाच्या तिपटीपर्यंत जातो असा २०२१ चा एक मोठा अभ्यास सांगतो. ते सगळे कोऱ्या पानावर.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. आखातात जाणारा मजूर. मंगळूरचा, रत्नागिरीचा, भटकळचा. तो दोन वर्षांतून एकदा घरी येतो, मागच्या रांगेत बसतो आणि त्याच्या तिकिटातला प्रत्येक रुपया मोजलेला असतो. त्याच्यावर आणि बिझनेस क्लासमध्ये पाय पसरून झोपलेल्यावर सारखा बोजा का? यावरचा उपाय सूट देणे हा नसून मोजमाप नीट करणे हा आहे. दुबईचे अंतर कमी, म्हणून त्याचे टन कमी. आणि पसरून झोपलेला माणूस विमानातली तीन-चार माणसांची जागा अडवतो, तेव्हा त्याच्या नावावर तेवढेच टन पडले पाहिजेत. कॉर्सिया कंपनीकडून एकगठ्ठा क्रेडिट घेते. ते कोणत्या प्रवाशाकडून वसूल करायचे हे कंपनीवर सोडते. कंपनी ते सगळ्यांत सारखे वाटेल, कारण ते सोपे आहे.

इथे भारताच्या हातात बरेच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने परदेशी विक्रीसाठी कोणत्या प्रकारचे प्रकल्प अधिकृत करायचे त्याची यादी केली. तिच्यात समुद्रातल्या पवनचक्क्या आहेत, हरित हायड्रोजन आहे, संपीडित बायोगॅसचे कारखाने आहेत, विमानांचे शाश्वत इंधन आहे. साधी सौरऊर्जा आणि घरगुती चूल नाही. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. स्वस्तातले टन बाहेर विकून टाकले तर आपली स्वतःची २०३० ची उद्दिष्टे गाठायला महागडेच उरतील, आणि विकलेले टन आपल्या खात्यातून जातील. पण ही यादी विक्रीची आहे. खरेदीचे काय? २०२७ ते २०२९ या काळाची क्रेडिट भारतीय कंपन्यांना ३१ जानेवारी २०३१ पर्यंत जमा करायची आहेत. कंपन्या त्या दिवशी सर्वांत स्वस्त असलेला कागद घेतील. बंगळूरच्या प्रवाशाचा पैसा सातासमुद्रापार कुठल्या तरी शाबूत जंगलात जाईल आणि बागेपल्लीत संयंत्राची दुरुस्ती पैशाअभावी राहील.

विमानाचे टन खरोखर कमी होण्याची एकच जागा आहे, ती विमानाची टाकी. १९ मे २०२३ ला एअरएशिया इंडियाचे विमान पुण्याहून दिल्लीला गेले ते पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने बनवलेले जैवइंधन थोडेसे मिसळून. केंद्राचे लक्ष्य आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ ला एक टक्का, २०२८ ला दोन आणि २०३० ला पाच टक्के शाश्वत इंधनाचे आहे. यातही खोच आहे: हे इंधन उसाच्या इथेनॉलपासून करायचे ठरले तर मराठवाड्याच्या पाण्याचा हिशेब कोणत्या टनात बसवणार? वापरलेले खाद्यतेल, शेतातला काडीकचरा यांच्यापासून ते होते, महाग पडते, थोडे मिळते. महाग आहे म्हणूनच ते खरे वाटते. कॉर्सियात असे इंधन वापरले की तेवढी क्रेडिट कमी घ्यावी लागतात. सरकारने नियम करावा की भारतीय कंपन्यांच्या बंधनाचा ठरावीक आणि वाढता हिस्सा इंधनातूनच भागला पाहिजे, क्रेडिटमधून नाही. वीस डॉलरचा कागद आणि त्याच्या कितीतरी पट महागडे इंधन यांत कंपनीला निवड दिली तर ती काय निवडेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आणि बागेपल्लीला पैसे जरूर जावेत. प्रत्येक आंतरराष्ट्रीय तिकिटावर आसनाच्या वर्गानुसार शुल्क लावा, ते तिकिटावर वेगळ्या ओळीत टनांसकट छापा, आणि त्यातून दुष्काळी तालुक्यांतल्या चुली, विहिरी, झाडे यांना मदत करा. फक्त त्या मदतीच्या बदल्यात टन मागू नका. मजुराच्या घरात पोचलेला गॅस हा त्या घराचा आहे. त्यावरून कोणाच्या विमानाचा धूर वजा व्हायचे कारण नाही. असे केले तर गोबरगॅसचा आकडा फुगवण्यात कोणालाच रस उरणार नाही, तपासनिसांची फौज लागणार नाही आणि ‘हा प्रकल्प नसता तर’ हा प्रश्नही विचारावा लागणार नाही. विमान कंपन्यांना ही कल्पना आवडणार नाही, कारण मग जाहिरातीत ‘कार्बन न्यूट्रल प्रवास’ असे लिहिता येत नाही. असे शुल्क लावायला आणखी एक कारण आहे, युरोपच्या कायद्यातली एक तरतूद: कॉर्सिया पुरेशी नाही असे ठरले तर २०२७ पासून युरोपातून बाहेर निघणाऱ्या उड्डाणांनाही तिथला उत्सर्जन बाजार लागू करता येतो. म्हणजे २०१२ चे भांडण पुन्हा उकरले जाऊ शकते. त्या वेळी दिल्लीने पुन्हा सार्वभौमत्वाचा झेंडा हाती घ्यायचा, की बंगळूर–फ्रँकफर्टच्या तिकिटावर आपण स्वतःच लावलेले, आसनाच्या वर्गानुसार मोजलेले शुल्क दाखवून ‘हा आमचा वाटा, आता तुमचा सांगा’ असे विचारायचे, याचा निर्णय आत्ताच घ्यायला हवा.